अनुभव धागा: पाणथळ, माळ, डोंगर – नाशिक जिल्ह्यातला तुमचा पक्षी

हिवाळा सुरू झालाय, नांदूर मध्यमेश्वरला चक्रवाक उतरलेत. आपल्या जिल्ह्यात पाहिलेल्या पक्ष्यांबद्दल लिहा. किती जाती पाहिल्या ती यादी नको. एकच पक्षी सांगा, पण पोटभर पाहिलेला.

सुरुवात मी करते. चापडगावच्या मनोऱ्यावर सगळे रोहित (फ्लेमिंगो) शोधत होते. रोहित नव्हतेच. मी दुर्बीण खाली पाणकणसांत वळवली, तर जांभळी पाणकोंबडी! तिनं एक कोंब उपटला, आपण उसाचं कांडं धरतो तसा लांब बोटांच्या पंजात धरला आणि चोचीनं सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला. उरलेलं टाकलं, दुसरा उपटला. वीस मिनिटं मी दुसरीकडे पाहिलंच नाही.

*

मी निफाडकडचा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ १९०७ ते १९११ दरम्यान आमचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. पुढे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली. साठवणीच्या हिशेबानं तोटाच, पण बदकं आणि शेकाटे इथं येतात ते या गाळामुळेच. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून नाव जाहीर झालं, तेव्हा घरी पेढे आणले होते.

माझा पक्षी वारकरी. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. उडण्याआधी तो पाण्यावरून धावत सुटतो. पहाटे धुक्यात दिसत काहीच नाही, नुसती शेकडो पायांची चपचप ऐकू येते. ती ऐकायला अजून जातो.

*

येवल्याहून लिहितेय. ममदापूरला लोक काळवीट बघायला येतात, मी माळटिटवी बघते. एप्रिलमध्ये पाय टाकणार एवढ्यात ती ओरडत अंगावर आली. खाली पाहिलं तर खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी. मागे सरून लांब बाभळीखाली बसले. भर दुपारी ती कुठूनशी पोटाची पिसं भिजवून आली आणि तशीच ओली अंड्यांवर बसली, उन्हात भाजू नयेत म्हणून. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आजी सांगायची. ही ओली पिसं तिला दाखवायला हवी होती.

एक कळकळीची विनंती. थंडीत भोवत्या या शिकारी पक्ष्यांच्या फोटोसाठी गवतात गाड्या घालू नका. हे पक्षी रात्री त्याच गवतात, जमिनीवर झोपतात.

*

त्र्यंबककडचा आहे. लहानपणी मेलेल्या बैलावर गिधाडांची झुंबड पाहिलीय. गुरांना देत त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसात राहायचा, त्यानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर आमच्याकडचं आभाळ रिकामं झालं होतं.

गेल्या माघात वडिलांना घेऊन अंजनेरीवर गेलो. कड्याच्या काठाशी बसलो होतो. एक गिधाड आमच्या पायांखालून गेलं. गिधाडाची पाठ मी पहिल्यांदाच पाहिली, मातकट, रुंद, टोकाची पिसं बोटांसारखी पसरलेली. पंख एकदाही हलला नाही. वडील काही बोलले नाहीत, पुढचं दिसेपर्यंत उठायलाही तयार नव्हते.