ट्रेनर आणि क्रँकवरील पॉवर मीटर यांचे वॉट जुळत नाहीत : कोणता आकडा प्रमाण मानावा?

नमस्कार. पावसाळ्यात मी पुण्यात घरीच ट्रेनरवर (सायकल जागेवर ठेवून चालवण्याचे साधन) सराव करतो. ट्रेनर मागचे चाक रोलरवर टेकवायच्या प्रकारातला आहे आणि सायकलीच्या डाव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) पॉवर मीटर आहे. दोन्हींची नोंद एकाच वेळी घेतली असता, दहा मिनिटे वॉर्मअप करून स्पिनडाउन (चाक वेगात फिरवून सोडायचे आणि ते थांबायला लागणाऱ्या वेळेवरून ट्रेनर जुळवून घ्यायचा) केल्यावर लगेच क्रँक २०० वॉट दाखवतो तेव्हा ट्रेनर १९३ च्या आसपास असतो. अर्ध्या तासाने मात्र क्रँकच्या त्याच २०० वॉटला ट्रेनर २०६ दाखवू लागतो.

सुरुवातीचा फरक समजण्यासारखा आहे, कारण चेन आणि गिअरमध्ये साधारण २ ते ४ टक्के शक्ती खर्ची पडतेच. ट्रेनरचा आकडा क्रँकच्या वर जातो, हे मात्र पटत नाही. असे बरेच ट्रेनर शक्ती प्रत्यक्ष मोजत नाहीत, चाकाच्या वेगावरून तिचा हिशेब करतात. टायर तापला की त्याचा रोध घटतो, चुंबकीय ब्रेकची चकती तापली की ब्रेकचा जोर कमी होतो. मग तेवढ्याच मेहनतीत चाक जोरात फिरते आणि ट्रेनर जास्त वॉट मोजतो, असा माझा तर्क आहे. हवेचा दाब आणि रोलरचा ताण मी दर वेळी सारखाच ठेवतो.

पण दोष क्रँकचाही असू शकतो. हा मीटर फक्त डाव्या पायाची शक्ती मोजून ती दुप्पट करतो. दोन्ही पायांचे प्रमाण ४८:५२ असेल, तर खऱ्या २०० वॉटना तो १९२ च दाखवेल, आणि थकल्यावर डावा पाय आणखी मागे पडत असेल, तर हीच तफावत ट्रेनर अचूक असूनही दिसेल. मधेच थांबून झिरो ऑफसेट (पेडलवर भार नसताना मीटर शून्याशी जुळवणे) पुन्हा करून पाहिला, फरक पडला नाही.

दोन्ही कारणे वेगळी काढण्यासाठी, भावाला अर्धा तास याच सायकलीवर बसवून ट्रेनर तापवून घ्यावा आणि मग मी ताज्या पायांनी चालवून आकडे ताडून पाहावेत, असा विचार आहे. ही चाचणी पुरेशी ठरेल का? क्रँकला ठाऊक वजन टांगून टॉर्क (फिरवणारा जोर) तपासण्याचा प्रयोग कोणी घरी केला आहे का? एफटीपीची (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल शक्तीची) चाचणी तोंडावर आहे, आणि सरावाचे सगळे झोन (तीव्रतेचे टप्पे) त्या एका आकड्यावरूनच ठरणार असल्यामुळे, तोपर्यंत ट्रेनरचा रोध क्रँकच्या आकड्यानुसार चालवणे योग्य होईल का, हेही अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.