खेळ ‘उतरला’, ‘पडतं घेतलं’ की आणखी काही?

टिळकवाडीची
आमच्या कोर्टवर संध्याकाळी आठवी-नववीच्या मुली खेळायला येतात. त्यांच्यासाठी मी बास्केटबॉलवर एकेक पानाचं मराठीत लिहून भिंतीला लावतो. (होय, ‘लावतो’. बेळगावच्या आम्ही मुली असंच बोलतो. त्यावर वेगळा धागा काढा, इथं नको.)

यावेळचा विषय असा. संघात एक मोठा खेळाडू आहे. त्यात त्याच्याच तोलामोलाचे आणखी दोघे आले, तर पहिल्याच्या खेळाचं काय होतं? उदाहरण घेतलं एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या ख्रिस बॉशचं. 2009-10 च्या हंगामात टोरंटोकडून तो सामन्याला सरासरी 24 पॉइंट काढायचा. 2010 मध्ये लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेडबरोबर तो मायामीत आला आणि पहिल्याच हंगामात ते 18.7 झाले. मी लिहिलं, ‘बॉशनं पडतं घेतलं’.

कोर्टवर रोज फिरायला येणारे एक काका ते वाचून म्हणाले, “पडतं कोण घेतंय? ज्याची बाजू लंगडी तो. ह्यानं तर पुढं दोनदा विजेतेपद मिळवलं की.” त्यांचं म्हणणं, सरळ ‘खेळ उतरला’ लिही. मला ते त्याहून खटकतं. ताप उतरतो, भाव उतरतो, चेहरा उतरतो. बॉशचा खेळ उतरला नव्हता. नुसतं ‘बदलला’ लिहिलं तर मुलींना काहीच कळणार नाही, कारण बदलतं सगळंच. कुणाकडं नेमकं क्रियापद आहे का?

निपाणीकर
काकांचा आक्षेप मला मान्य नाही. पडतं घेण्यात हार नसते. भावाभावांत वाटणीचा विषय निघतो तेव्हा शहाणा असतो तो पडतं घेतो, घर टिकावं म्हणून. त्याची बाजू लंगडी असतेच असं नाही, उलट बरेचदा त्याचीच भक्कम असते. तेव्हा तुमचा शब्द ठेवा.

माझी हरकत वेगळीच आहे. ‘पॉइंट काढायचा’ का? ‘गुण मिळवायचा’ म्हणा. मुलींसाठी लिहिताय तर भाषा नीट हवी. बॉलला चेंडू आहे, कोर्टला मैदान आहे. आपल्याकडे मराठी शाळांचे वर्ग कसे रोडावताहेत ते मी वेगळं सांगायला नको. जे चार शब्द मुलांच्या कानावर पडतात ते तरी आपले असावेत, असं मला मनापासून वाटतं.

कॅम्पातला
सर, मैदान म्हटलं की मुली क्रिकेटला जातील. कोर्ट राहू दे.

मुद्द्यावर येतो. ‘पडतं घेणे’ला आधी दोघांत काही ओढाताण लागते. कुणापुढं तरी पडतं घेतात. 2007 मध्ये बॉस्टनला केव्हिन गार्नेट आणि रे अॅलन आले, पॉल पिअर्स आधीपासून होताच. एका हंगामात पिअर्स 25 वरून 19.6 वर, गार्नेट 22.4 वरून 18.8 वर, अॅलन 26.4 वरून 17.4 वर. तिघांचेही आकडे खाली. मग पडतं घेतलं ते कुणी आणि कुणापुढं? संघ मात्र आदल्या हंगामात 82 पैकी 24 सामने जिंकला होता, तो 66 जिंकला आणि 2008 चा चॅम्पियन झाला.

यात त्याग वगैरे शोधू नये असं माझं मत. काम बदललं, एवढंच. टोरंटोत बॉल बॉशच्या हातात द्यायचा आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, असा खेळ होता. मायामीत बॉल लेब्रॉन नाहीतर वेडच्या हातात. मग बॉशनं काय करायचं? स्क्रीन लावायची, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभं राहून आपल्या खेळाडूला मोकळं करायचं, नाहीतर लांब उभं राहायचं. तो लांबून बॉल टाकू शकतो हे ठाऊक असल्यामुळं समोरचा उंच बचावपटू बास्केटखाली थांबू शकत नाही, त्याला बॉशमागं बाहेर यावंच लागतं. तो बाहेर आला की आतली जागा मोकळी, आणि लेब्रॉन सरळ आत. कागदावर त्यात बॉशच्या नावावर काहीच चढत नाही, पण बास्केट झाली ती त्याच्यामुळं.

आणि लेब्रॉनचं काय? तोही 29.7 वरून 26.7 वर आला. पहिल्या वर्षी फायनलला डॅलसकडून हरले. त्या उन्हाळ्यात तो हकीम ओलाजुवानकडं जाऊन बास्केटला पाठ करून खेळायचं शिकला. 2012 आणि 2013 ला विजेतेपद. टाकलेल्या शॉटपैकी बास्केट होण्याची टक्केवारी मायामीआधी क्लीव्हलँडच्या शेवटच्या वर्षी 50.3 होती, ती 2012-13 ला 56.5. पॉइंट कमी आणि नेम वाढला. ह्याला उतरला म्हणायचं का चढला?

खानापूरवाला
ताई, तुम्हाला पाहिजे ते पत्त्यांच्या मेंढीकोटात आहे. आमच्याकडं गणपतीत रात्रभर चालतो. नवीन खेळणारा हातात दश्शी, म्हणजे दहाचं पान, आली की जपून ठेवतो, आपल्याच पानानं ती घरात आणायची म्हणून. जाणता काय करतो? समोर भिडूचा एक्का पडला की त्यावर दश्शी टाकून मोकळा. हात भिडूच्या नावावर, पण मेंढी, म्हणजे ती दश्शी, दोघांची. माझे आजोबा दर डावाला एकच सांगायचे, “भिडू बघून खेळ.”

तेच लिहा की. ‘मायामीत आल्यावर बॉश भिडू बघून खेळायला लागला.’

निपाणीकर
कल्पना छान आहे, पण ‘भिडू’ हा शब्द भिंतीवर लावण्याजोगा नाही. तो मुंबईच्या गल्लीतून सिनेमात गेला आणि सिनेमातून आपल्याकडे आला. ‘सहकारी’ हा प्रतिष्ठित शब्द असताना तो कशाला?

खानापूरवाला
सर, तुमचा मान राखून सांगतो, हे उलटं आहे. माझी आज्जी जन्मात मुंबईला गेली नाही, सिनेमा तिनं बघितला नाही. ती लहानपणीचे खेळ सांगताना “आम्ही भिडू वाटून घ्यायचो” म्हणायची. भिडू म्हणजे डावातला आपल्या बाजूचा. मुंबईनं त्याचा दोस्त केला, त्याला आपण काय करणार? माझ्या मते तो ‘भिडणे’वरनंच आलाय. खांद्याला खांदा भिडवून खेळतो तो भिडू.

आखाडा_५९
भिडणे म्हणजे अंगावर जाणे. मग भिडू हा समोरचा व्हायला पाहिजे, बाजूचा कसा?

कुस्तीतही असंच आहे म्हणून विचारतोय. आनंदवाडीच्या आखाड्यात ‘त्याला तोडीचा जोड मिळाला’ म्हणतात तेव्हा जोड म्हणजे समोर लढणारा. बाहेर ‘जोडीदार’ म्हणजे बरोबरचा. एकाच शब्दाला दोन तोंडं. आणि मला विचाराल तर दोन्ही एकच आहेत. तालमीत रोज ज्याच्याशी झुंजायचं तो चांगला मिळाला तरच पैलवान तयार होतो. लेब्रॉन आणि वेड रोज सरावात एकमेकांसमोर उभे राहत असतील ना? त्यातनंही खेळ बदलला असेल. तेव्हा ‘जोडीदार’ लिहा, दोन्ही अर्थ आत आहेत.

‘गडी’ पण चालेल. कबड्डीत गडीच बाद होतो.

चिक्कोडीहून
सहकारी म्हटलं की आमच्याकडं साखर कारखाना आणि सोसायटी डोळ्यांपुढं येते, खेळ नाही. आणि ‘गडी’ म्हणजे शेतावरचा रोजगारी. त्यात कन्नडमध्ये ‘गडि’ म्हणजे सीमा, गडिनाडु म्हणजे आपलाच सीमाभाग. मिश्र पोरांच्या संघात तो शब्द नको.

माझं शिक्षण कन्नडमध्ये झालं. शाळेत आम्हाला खेळ शिकवणारे सर एकच ओरडायचे, “बिट्टु कोडु!” म्हणजे सोड आणि दे. कन्नडमध्ये माघार घ्यायला, दुसऱ्याला वाट द्यायलाही हेच म्हणतात, आणि त्यात कमीपणा नाही. बॉल सोडायचा आणि हक्कही सोडायचा, दोन्ही त्यात आलं. मराठीत ‘सोडून देणे’ म्हटलं की नाद सोडला असं वाटतं. ताईंच्या मुलींत निम्म्या तरी घरी किंवा गल्लीत कन्नड बोलत असतील. बिट्टु कोडु लिहिलं तर पटकन कळेल.

निपाणीकर
समजेल, यात वाद नाही. पण मग मराठीत लिहिण्याचं कारण काय उरलं?

चिक्कोडीहून
तूप कन्नड तुप्पवरून आलं, अडकित्ता तिकडचा, अक्का-अण्णा तिकडचे. सर, त्यानं मराठी बुडाली नाही. आपण सीमेवरची माणसं. शब्दांची ये-जा आपल्याच दारातनं होते, आणि मला त्याचा अभिमान आहे.

निपाणीकर
आले ते शतकांच्या वापरानं आले, कुणी भिंतीवर लिहून आणले नाहीत. हा फरक मी सोडणार नाही.

टिळकवाडीची
कॅम्पातल्या दादांचं बॉस्टनचं उदाहरण पटलं. तिघांनी एकदम पडतं घेता येत नाही. तो शब्द मी खोडला.

‘भिडू बघून खेळणे’ जवळ येतंय, पण पूर्ण नाही. कॉलेजात असताना आमच्या संघात दुसऱ्या शाळेतून आलेल्या दोघी भारी खेळायच्या. तोवर मी बॉल आला की ड्रिबल करत बास्केटपर्यंत जायचो. त्या आल्यावर बॉल नसताना धावायला शिकलो. अंगावरच्या मुलीला एका बाजूला झुकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं आत कापायचं, पास येईल या भरवशावर. निम्म्या वेळा पास येत नाही, तरी पुढच्या वेळी तेवढ्याच जोरात पळायचं. ते मला भिडू बघून करावं लागलं हे खरं, पण मी स्वतःही आधीपेक्षा मोठा खेळाडू झालो. तो भाग शब्दात यायला हवा.

बॉशचंच घ्या. 18 जून 2013, सात सामन्यांच्या फायनलचा सहावा सामना, समोर सॅन अँटोनियो. शेवटचे काही सेकंद, मायामी 95-92 नं मागं, हरले तर सगळं संपलं. लेब्रॉनचा तीन पॉइंटचा शॉट हुकला. बॉशनं गर्दीत उडी मारून रीबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, घेतला आणि उजव्या कोपऱ्याकडं मागं-मागं सरकणाऱ्या रे अॅलनला दिला. बॉस्टनवाला तोच अॅलन, एकेकाळी सिअॅटलमध्ये सामन्याला 26 काढणारा, आता बाकावरून येणारा. त्यानं 5.2 सेकंद शिल्लक असताना बरोबरी केली. जादा वेळेत शेवटचा शॉट अडवला तोही बॉशनंच. 103-100. आणि सातव्या सामन्यात बॉशचे पॉइंट किती? शून्य. मायामी 95-88 नं चॅम्पियन. शून्य पॉइंटच्या माणसाला काय म्हणायचं, तेवढं सांगा.

पुण्यात_मूळ_शहापूर
‘हात राखून खेळला’ कसं वाटतं? किंवा ‘हात आखडता घेतला’?

कॅम्पातला
दोन्ही नको. हात आखडता घेतो तो कंजूष. आणि हात राखून खेळणारा मुद्दाम कमी खेळतो. बॉश पूर्ण जोर लावूनच खेळत होता, फक्त दुसरीकडं. स्टीफन करीचं तसंच. 2016 ला केव्हिन ड्युरँट करीच्या संघात, गोल्डन स्टेटमध्ये आला. करी 30.1 वरून 25.3 वर आला, ड्युरँट स्वतः 28.2 वरून 25.1 वर, आणि 2017 ला चॅम्पियन. कुणी हात आखडला म्हणाल?

मी ‘खेळ पसरला’ म्हणेन. आधी एका जागी होता, तो सगळ्या कोर्टभर पसरला.

आखाडा_५९
पसरला म्हणजे आमच्याकडं आडवा पडला. पैलवान पसरला की कुस्ती संपली.

पुण्यात_मूळ_शहापूर
मग ‘खेळ मुरला’?

टिळकवाडीची
मुरायला वेळ लागतो. हे तर एका हंगामात झालं. पण ‘खेळ पसरला’वर मी विचार करतोय.

पुण्यात_मूळ_शहापूर
‘हात राखून’वरून आठवलं. ‘हातचं राखून’ हे बेरजेतल्या हातच्यावरून आलं असं मला शाळेत सांगितलं होतं. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. तो एक आपण राखून ठेवतो.

खानापूरवाला
नाही हो. बेरजेतला हातचा राखायचा नसतो, लगेच पुढच्या घरात मिळवायचा असतो. राखायचा असता तर बेरीज चुकली असती. हे पत्त्यातलं आहे. हुकमाचं पान शेवटपर्यंत हातात राखतात.

निपाणीकर
पत्त्यात ‘हात’ म्हणजे जिंकलेली चार पानं. ती खाली पालथी ठेवलेली असतात, खेळणाऱ्याच्या हातात नसतात. ‘चार हात झाले’ तुम्हीच म्हणता ना? त्या अर्थानं ‘हातचं’ म्हणजे आधीच जिंकलेलं, ते राखायचा प्रश्नच येत नाही.

खानापूरवाला
सर, ‘हातातली पानं’ पण म्हणतोच की आम्ही! पिसून वाटली की तेरा हातात येतात, त्यातलं राखतो ते हातचं. तुम्ही मेंढीकोट खेळता का?

निपाणीकर
खेळतो. आणि आमच्याकडे दश्शीला दहिल्ला म्हणतात.