मार्शल अटॅकमध्ये एक प्यादं जास्त असूनही बरोबरी, पांढऱ्याने जोर कुठे लावायचा?

प्रश्न:
करस्पॉन्डन्स बुद्धिबळाचा (समोरासमोर न बसता चाली पाठवून खेळायचा) डाव काल संपला, बरोबरी. मी पांढरा, सुरुवात रुय लोपेझची, आठव्या चालीला सी३ केलं आणि समोरच्याने लगेच डी५, म्हणजे मार्शल अटॅक, काळा एक प्यादं देऊन हल्ला चढवतो तो. ई५ चं प्यादं घोड्याने घेतलं, मग डी४, त्याचा वजीर एच४ वरून एच३ वर, मी जी३ आणि उंट ई३. पुढे एकेका चालीला चार-चार दिवस घालवले, वजीर गेले हत्ती गेले आणि शेवटी माझं एक प्यादं जास्त पण उंट विरुद्ध रंगाच्या घरांतले, म्हणून जिंकता येईना. चुकलं कुठे ते खरंच समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १:
चुकलं कुठेच नाहीये. जी३ करावंच लागतं आणि तिथेच राजाजवळची पांढरी घरं ढिली पडतात, वजीराकडचे हत्ती-घोडा अजून घरीच, आणि काळ्याचे दोन्ही उंट तुमच्या राजाकडे बघतायत, त्या प्याद्याची किंमत ती हीच. १९१८ ला न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मार्शल, ज्याच्या नावाने हा अटॅक आहे, हे कापाब्लांकाविरुद्ध खेळून हरला, पण तेव्हा त्याने अकराव्या चालीला घोडा एफ६ ला मागे नेला होता. आता सी६ खेळतात, घोडा डी५ वरच पक्का राहतो, म्हणून हे इतकं टिकाऊ झालंय. समोर बसून खेळताना काळा गडबडतो हो, पण आयसीसीएफच्या (करस्पॉन्डन्स बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना) डावांत इंजिन, म्हणजे चाली शोधणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, चालतं आणि विचाराला दिवसच्या दिवस असतात, तिथे कोण गडबडणार?

प्रतिसाद २:
बाराव्या चालीला डी४ ऐवजी डी३ करून बघा. वजीर एच३ ला आला की हत्ती ई४, पुढे एच४ ला जायची धमकी. डी४ वाल्या लाईनमध्ये यावर काळा जी५ करतो, उंटाने ते घेतलं की वजीर एफ५, हत्ती आणि उंट दोन्हीवर मारा, एक जातोच. डी३ वर प्यादं असलं की हत्तीला जोर आहे, ती युक्ती चालतच नाही. अर्थात काळा वजीर न काढता उंट एफ५ ला आणून डी३ वरच दाब देऊ शकतो, ते आधी नीट बघून ठेवा.

प्रतिसाद ३:
मी तर आठव्या चालीलाच ए४ करतो. काळ्याला आधी बी५ सांभाळावं लागतं, मग मी शांतपणे डी३. प्यादं मिळत नाही पण पटावर मोहरी राहतात, खेळायला काहीतरी उरतं.

प्रश्नकर्ता:
हत्ती ई४ ला जी५ मी पाहिलं होतं आणि त्यालाच घाबरून उंट ई३ केलं होतं, डी३ ने ते थांबतं हे डोक्यातच आलं नाही. पुढच्या डावात डी३. उंट एफ५ वर तुम्ही वजीर एफ३ खेळता का?

प्रतिसाद २:
हो, तेच.