सावळ्या त्वचेवरचा रोझेशिया
गालांवर बारीक पुळ्या येतात, तिखट खाल्ले की चेहऱ्याची आग होते, पण लाली दिसत नाही, म्हणजे हा रोझेशिया (चेहऱ्यावर लाली, आग आणि पुळ्या आणणारा त्वचेचा जुनाट आजार) नसावा, असे सावळ्या वर्णाच्या माणसाला वाटू शकते. पण लाली दिसत नाही एवढ्यावरून तसे ठरवता येत नाही. ठळक लाली गोऱ्या त्वचेवर दिसते. सावळ्या वर्णावर ती तपकिरी किंवा जांभळट छटेत दडते, आणि पुष्कळदा डोळ्यांआधी हाताला कळते, कारण त्या वेळी गाल गरम लागतात. मुरुमांमध्ये ब्लॅकहेड्स आढळतात, रोझेशियाच्या पुळ्यांत सहसा नाहीत. हा फरक चांगल्या उजेडात आरशातही पाहता येतो. ऊन, गरम चहा, मद्य यांनी त्रास उसळतो का, हेही पाहावे. डोळ्यांकडे मात्र फार कमी जणांचे लक्ष जाते: वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, पापण्यांच्या कडा सुजणे, वारंवार रांजणवाडी होणे ही लक्षणे कधी त्वचेच्या आधीही दिसतात, आणि दुर्लक्ष केल्यास दृष्टीला धोका संभवत असल्याने ती अंगावर काढू नयेत. आणखी एक, आपल्याकडे गोरेपणासाठी सर्रास लावल्या जाणाऱ्या स्टेरॉइडयुक्त मलमांनीही चेहरा थेट असाच होतो आणि मलम एकाएकी थांबवले की आग आणखी भडकते. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्यावी, अगदी शेजारणीने दिलेलीसुद्धा.