मदत हवी आहे: डॅलसच्या गोदामाला फॉरेन ट्रेड झोनचा दर्जा कसा मिळवायचा? (तातडीचे)

सुमेध_टेक्सास
नमस्कार मंडळी. आमच्या गोदामाला एफटीझेडचा (फॉरेन ट्रेड झोन, जिथे आयात माल ड्यूटी न भरता ठेवता येतो) दर्जा हवाय. माल चीनमधून येतो, थोडा इथे विकतो, थोडा बाहेर जातो. ड्यूटीने कंबरडं मोडलंय. साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली आहे. अर्ज थेट वॉशिंग्टनच्या फॉरेन ट्रेड झोन बोर्डाकडे करायचा ना? फॉर्म कोणता? ज्या सल्लागाराला धरलं होतं त्याने दोन महिने घालवले आणि आता म्हणतो, शाळेचं पत्र आणा. गोदामाचा शाळेशी काय संबंध? कुणी हे केलं असेल तर कृपया लवकर सांगा.

कस्टमवाली_मेघना
माल नक्की कोणता? एचटीएस नंबर (कस्टम्सच्या दरपत्रकातला मालाचा क्रमांक)? बाहेर म्हणजे कुठे आणि किती टक्के? गोदामात नुसती साठवण की काही जोडणी, पॅकिंगही होतं? एवढं कळल्याशिवाय कुणीही खात्रीने काही सांगू शकणार नाही.

पनवेलकर
आमच्याकडे पनवेलजवळ साई गावात असाच फ्री ट्रेड वेअरहाउसिंग झोन आहे, २००५ च्या एसईझेड कायद्याखाली. न्हावा शेवा जवळ. माल तिथे उतरवा, खर्च निम्म्यावर येईल.

सुमेध_टेक्सास
दादा, आमची गिऱ्हाईकं टेक्सासात आहेत, माल पनवेलला उतरवून काय करू?
मेघनाताई: राउटर आणि मोडेम, ८५१७.६२. साधारण ४० टक्के मेक्सिकोत मॉन्टेरीला जातात. आठवड्याला सात-आठ कंटेनर.

जुनाब्रोकर
कशाला झोनच्या भानगडीत पडता? बाँडेड वेअरहाउस (कस्टम्सच्या देखरेखीतलं गोदाम, ड्यूटी माल काढताना) करा. मी वीस वर्षं तेच करतोय. माल बाहेर काढताना जो दर असेल तो लागतो. उद्या दर उतरला तर फायदा तुमचाच. झोनमध्ये ३०१ चा, म्हणजे कलम ३०१ खाली जादा ड्यूटी लागणारा चिनी माल प्रिव्हिलेज्ड फॉरेन स्टेटसमध्येच घ्यावा लागतो, म्हणजे आत येताना जो दर असेल तो कायमचा चिकटतो.

कस्टमवाली_मेघना
आणि दर चढला तर? २०१८ च्या सप्टेंबरात ३०१ च्या तिसऱ्या यादीतल्या मालावर १० टक्के होते, २०१९ च्या मे महिन्यात २५ झाले. तेव्हा बाँडेडमध्ये माल ठेवलेल्यांचं काय झालं ते तुम्हीही पाहिलंत. शिवाय बाँडेडला पाच वर्षांची मर्यादा आहे, झोनला नाही.

जुनाब्रोकर
राउटर पाच वर्षं कोण ठेवतं हो? दीड वर्षात मॉडेल जुनं होतं.

कस्टमवाली_मेघना
ते खरं. पण त्यांचा मुख्य फायदा वेगळाच आहे. सुमेध, नीट वाचा. राउटरची मूळ ड्यूटी शून्य आहे, त्यामुळे झोनच्या जाहिरातीत सांगतात तो 'कमी दराचा' फायदा तुम्हाला नाही. तुमचे फायदे तीन. मॉन्टेरीला जाणाऱ्या ४० टक्क्यांवर अमेरिकेची ड्यूटीच भरायची नाही. उरलेल्यावर माल झोनबाहेर पडेल तेव्हा भरायची. आणि आठवड्याची एकच एन्ट्री (कस्टम्सकडे मालाची नोंद) करता येते, म्हणजे ०.३४६४ टक्क्यांची प्रोसेसिंग फी कमाल मर्यादेपर्यंत एकदाच, आठ वेळा नाही.

अर्जाचं सांगायचं तर थेट बोर्डाकडे जाऊ नका. आधी तुमच्या भागातल्या ग्रँटीकडे (झोन चालवण्याचा परवाना असलेल्या संस्थेकडे) जा. डॅलसला झोन ३९ आहे, ग्रँटी डीएफडब्ल्यू (डॅलस-फोर्ट वर्थ) विमानतळ मंडळ. गोदाम त्यांच्या सेवाक्षेत्रात असेल तर युसेज-ड्रिव्हन साइट (एका कंपनीच्या वापरापुरती जागा) म्हणून किरकोळ सीमाबदलाचा अर्ज त्यांच्यामार्फत जातो. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून बोर्डाला ३० दिवस असतात. खरा वेळ त्यानंतर जातो, कस्टम्सच्या ॲक्टिव्हेशनला (झोन प्रत्यक्ष सुरू करायच्या मंजुरीला): आराखडा, कार्यपद्धतीची पुस्तिका, ऑपरेटर बाँड, लोकांची पार्श्वभूमी तपासणी, इन्व्हेंटरी सिस्टिम. एका महिन्यात हे होणार नाही, साहेबांना आजच सांगा.

टेक्सासची_आजी
शाळेचं मी सांगते, माझी सून स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात आहे. टेक्सासात गोदामातल्या मालावर मालमत्ता कर लागतो आणि त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. झोनमधल्या आयात मालाला तो कर माफ होतो. म्हणून कर घेणाऱ्या संस्थांचं हरकत नसल्याचं पत्र अर्जाबरोबर लागतं. त्यांच्या बैठका महिन्यातून एक-दोनदाच होतात बाळा, विषयपत्रिकेत लवकर घालून घे.

सुमेध_टेक्सास
आजी, हे त्या सल्लागाराने एका वाक्यात सांगितलं असतं तर! धन्यवाद.
एकच शेवटचं. गोदामात आत्ताच भरपूर माल पडलाय. दर्जा मिळाला की त्यावरची ड्यूटी परत मिळेल ना? साहेबांनी तेच गृहीत धरलंय.

कस्टमवाली_मेघना
नाही. ड्यूटी भरून आलेला माल झोनमध्ये डोमेस्टिक स्टेटसचा, म्हणजे देशी धरला जातो. त्यातला जो मॉन्टेरीला जाईल त्यावर ड्रॉबॅक (निर्यात मालावरच्या ड्यूटीचा परतावा) मागा, ३०१ च्या ड्यूटीवर ९९ टक्क्यांपर्यंत मिळतो. माल जसा आला तसाच गेला पाहिजे, मग मेक्सिकोबरोबरच्या व्यापार करारातली ड्रॉबॅकवरची मर्यादा आड येत नाही. आयात केल्यापासून पाच वर्षांच्या आत दावा करावा लागतो, जुनी बिलं टाकू नका.
आणि पॅकिंगचं तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

सुमेध_टेक्सास
जोडणी वगैरे नाही. फक्त राउटर, अडॅप्टर आणि केबल एका खोक्यात घालतो.

कस्टमवाली_मेघना
थांबा. अडॅप्टर आणि केबल वेगवेगळ्या नंबरांखाली येतात आणि संच म्हणून नंबर बदलतो का? बदलत असेल तर बोर्डाच्या नियमात ते प्रॉडक्शन ठरतं. त्याची वेगळी सूचना द्यावी लागते आणि तिला १२० दिवस लागतात. तिन्हींचे नंबर आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो इथे टाका, मग ग्रँटीला फोन करा.