सल्ला हवा: नावाजलेल्या रेकॉर्डिंगमध्ये राहून गेलेल्या चुका (मे महिन्याच्या बैठकीसाठी)

धंतोली_डेक
नमस्कार मंडळी. आम्ही आठ-दहा जण महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि गाणी ऐकतो. बोलणं कमी, ऐकणं जास्त, मधात तर्री-पोहे. मे महिन्याची पाळी माझी आहे. मागच्या बैठकीत जोशात येऊन मी विषयही जाहीर करून टाकला: मोठमोठ्या लोकांच्या रेकॉर्डिंगमध्ये राहून गेलेल्या चुका. घरी येऊन यादी करायला बसलो तर गाडी तीनवर अडली.

ते तीन असे. पोलिस बँडचं 'रॉक्सॅन', १९७८. सुरुवातीलाच पियानोचा एक वेडावाकडा आवाज येतो आणि कुणीतरी हसतं. झाकण बंद आहे समजून स्टिंग पियानोवर टेकला आणि बसला थेट पट्ट्यांवर. दुसरं पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर', १९७५: गिटार सुरू होते तिथे गिल्मूरचा खोकला. तिसरं बीटल्सचं 'हे जूड', १९६८, त्यात तीन मिनिटं व्हायच्या जरा आधी मागे एक जण चक्क शिवी हासडतो. पण बैठकीला माझी आत्या येते, वय ७८. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे जूड बाद.

माझ्या अटी दोनच. एक, चूक साध्या कानाला ऐकू यावी. 'हेडफोन लावून सतराव्यांदा ऐकलं की कळतं' अशातली नको. दोन, ऐकीव गप्पा नकोत, खरी झालेली चूक हवी. हिंदी-मराठी असेल तर सोन्याहून पिवळं. दीड तास आहे, जुना अँप्लिफायर आणि दोन बऱ्यापैकी स्पीकर आहेत. सुचवा.

तर्री_कमी
भाऊ, एला फिट्झजेराल्डपासून सुरू करा. 'मॅक द नाइफ', बर्लिनची मैफल, १९६०. गाणं अर्ध्यावर येते अन बाई शब्द विसरते. पण थांबत नाही. आपण विसरलो, याचंच गाणं करते, त्याच चालीत, त्याच तालात, अन मधातच लुई आर्मस्ट्राँगची नक्कलही करून घेते. यालाच ग्रॅमी भेटला. ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही कळते का काहीतरी गडबड झाली अन बाई मजा करून राहिली.

दुसरं 'लुई लुई', किंग्समेन, १९६३. गिटारचा तुकडा संपला का गाणारा पोट्टा घाईत आधीच तोंड उघडते, ध्यानात येते, गप होते. ड्रमवाला तेवढ्या जागेत एक तुकडा वाजवून सांभाळून घेते. भजनात कोणी आधीच सुटला तर पखवाजवाला कसा डोळे वटारून सावरून नेते, तसंच. शब्द इतके अस्पष्ट आहेत का एफबीआयनं अश्लील आहे का म्हणून चौकशी केली, अन शेवटी काय म्हटलं तेच समजत नाही म्हणून सोडून दिलं. ही चूक आत्यांनाही सापडन, माझी पैज.

सूरपेटी
माझी शिफारस एकच, पण तिच्यासाठी हॉलमध्ये पेटी ठेवावी लागेल.

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. मी पेटी शिकवतो, जॅझ माझा प्रांत नाही. मित्राने कॅसेट दिली होती. त्यातलं 'सो व्हॉट' आवडलं म्हणून सोबत वाजवायला बसलो. पेटीची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी दोन धरली, तर रेकॉर्ड चढं. तिच्या लगतची काळी दोन धरली, तर रेकॉर्ड उतरलेलं. दोन्ही पट्ट्या आलटून-पालटून दाबत राहिलो, मधला सूर काही हाती लागेना. मला वाटलं पेटीच उतरली. रिक्षात घालून इतवारीत कारागिराकडे नेली. त्याने वरची फळी काढली, एकेक सूर वाजवून पाहिला आणि म्हणाला, "सर, पेटी बराबर आहे, तुमचं गाणं तपासा." वर तपासणीचे पैसेही घेतले.

तो बरोबर होता. २ मार्च १९५९ च्या रेकॉर्डिंगला मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप पुढे नेहमीच्या वेगाने वाजली की सूर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जगाने तीस वर्षांहून जास्त काळ अशाच चढ्या ऐकल्या. त्या दिवशी दुसरं मशीनही चालू होतं. १९९२ साली त्याच्या टेपवरून वेग दुरुस्त केलेली आवृत्ती निघाली. तेव्हा १९९२ च्या आधीची एक प्रत मिळवा आणि आजची मोबाइलवर लावा. पांढरी दोन धरून ठेवा. जुनीत ती टोचेल, नवीत बसेल. पेटीशिवाय लावाल तर मात्र कुणाला ढिम्म कळणार नाही.

टेपवाले_काका
सूरपेटी, पोट धरून हसलो. आम्ही रेडिओच्या कामात असताना ही भीती कायम डोक्यावर असायची. मशीनचा वेग सकाळी तपासूनच टेप चढवायची.

धागाकर्त्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, आवृत्ती बघून घ्या. बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी'च्या शेवटच्या कडव्यात लेनन शब्द चुकतो आणि पुढची ओळ हसू दाबत गातो. पण हे फक्त स्टिरिओत. मोनो लावलं तर चूक सापडणार नाही आणि तुम्ही तोंडघशी पडाल. त्या काळी मोनो आणि स्टिरिओ वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या टेक, म्हणजे एकाच गाण्याची वेगवेगळ्या वेळची ध्वनिमुद्रणं, जोडून बनत. मोनोकडे सगळे जीव लावून बघायचे, कारण घरोघरी तेच वाजायचं. स्टिरिओ उरकून टाकायचे.

दुसरी गोष्ट, 'चुका राहिल्या कशा' हा प्रश्न बैठकीत नक्की येणार. उत्तर टेपच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे आवाज वेगवेगळे भरायच्या टेपवरच्या पट्ट्यांमध्ये आहे. दोन किंवा चार ट्रॅकवर गायक आणि वादक एकत्र बसलेले असत. गाणाऱ्याचा एक शब्द चुकला म्हणून तेवढाच काढता येत नसे, त्याच्या मागचं सगळं सोबत जायचं. मग दुसऱ्या टेकमधून तुकडा आणून जोडायचा. रीळ हाताने मागे-पुढे फिरवत शब्दाचं तोंड शोधायचं, तेव्हा बाईचा आवाजही म्हशीसारखा येतो. तिथे मेणाच्या पेन्सिलने खूण, खाचेत टेप बसवून दाढीच्या ब्लेडने तिरपा काप, वरून चिकटपट्टी. काप सरळ दिला तर जोडावर 'टक्' वाजतं, तिरपा दिला तर आवाज सरकत जातो. हे करूनही दुसऱ्या टेकची लय जरा मागे-पुढे असली तर जोड कानाला लागायचाच. मग निर्माता म्हणायचा, असू द्या, पहिलाच बरा होता.

यादीत हे घाला: बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ', १९६७. शेवटी तीन पियानोंवर एकदम एक स्वरमेळ वाजतो, त्यात हार्मोनियमही आहे, सूरपेटींना आवडेल. तो चाळीस सेकंदांहून जास्त विरत जातो. आवाज जसा कमी होत गेला तसा इंजिनिअर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर नेत गेला, त्यामुळे खोलीतली कुजबुजही वर आली. अगदी शेवटाला खुर्ची करकरते.

धंतोली_डेक
काका, मानलं. पण मेमध्ये, ४५ च्या पाऱ्यात, माझ्या हॉलमध्ये कूलर चालू असतो. नवीन ताट्या लावल्यात तरी पंप खडखड करतो. त्यात खुर्ची कुठून ऐकू येणार?

टेपवाले_काका
मग कूलर बंद करण्याइतकी ती खुर्ची मोलाची आहे का, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते आहे. पाच मिनिटं घाम गाळू द्या लोकांना. कूलर थांबल्यावर जी शांतता येते, तीत ते गाणं लावा.

रेशीमबाग_रॉक
कूलर चालू ठेवूनही ऐकू येईल असं एक देतो. लेड झेपेलिन, 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू', १९७०. बॉनमच्या बास ड्रमचं पेडल कुरकुरतं. एकदा नाही, अख्खं गाणंभर, प्रत्येक ठोक्याला. आणि 'गिमी शेल्टर', रोलिंग स्टोन्स, १९६९. मेरी क्लेटनला मध्यरात्री झोपेतून उठवून स्टुडिओत आणलं होतं, पोटुशी होती. तीन मिनिटांच्या आसपास वरच्या सुराला तिचा आवाज फाटतो आणि मागे कुणीतरी आनंदाने ओरडतं.

महालकर
आवाज फाटणं ही चूक नाही हो. तसंच ग्लेन गूल्ड पियानो वाजवताना गुणगुणतो, तीही चूक नाही. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'च्या १९५५ च्या रेकॉर्डिंगमध्येही गुणगुणतो, १९८१ च्यातही. वर त्याची लाडकी मोडकी खुर्ची किरकिरते. आपल्याकडे तबलजी बोल पुटपुटला तर आपण दाद देतो.

रेशीमबाग_रॉक
दाद आपण देतो. तिकडे माइक लावणारा डोकं धरून बसतो. फाटलेला आवाज ठरवून काढलेला नाही, झालेला आहे, आणि ठेवला आहे. माझ्या हिशोबी यादीत बसतो.

महालकर
मग यादीला 'झालेलं आणि ठेवलेलं' म्हणा, चुका काऊन म्हणता. त्या नावाखाली उत्तम नमुना मार्टी रॉबिन्सचं 'डोंट वरी', १९६१. मधल्या तुकड्यात बास गिटार अचानक फाटक्या भोंग्यासारखी वाजते. मिक्सरचा एक भाग बिघडला होता. काढायचं का ठेवायचं यावर बराच खल झाला, शेवटी ठेवलं. मग गिटारमधून तोच आवाज मुद्दाम काढणारं यंत्र बाजारात आलं आणि १९६५ साली स्टोन्सनी 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तेच वापरलं. हे दोन्ही पाठोपाठ लावा, बाकी भाषण द्यायची गरज नाही.

ऑटोट्यून_नको
मी मानेवाड्याकडे लहानसा स्टुडिओ चालवतो, वय २६, काकांची ब्लेड पाहिलेली नाही. एक कबुली देतो. दोन वर्षांमागे एका भजनी मंडळाचं काम आलं. पेटीवाल्या काकांचा श्वास मोठा, दमा होता बहुतेक. मी रात्रभर बसून एकेक श्वास कापला, सूर ताठ केले, टाळांचे मागे-पुढे पडलेले ठोके रेषेत बसवले. सकाळी ऐकवलं तर मंडळी गप. एक आजी म्हणाल्या, "छान आहे बाळा, पण गाऊन कोण राहिलं?" मूळ फाइल परत काढली, फक्त खरखर पुसली, तीच दिली. कूलरचा थोडा आवाज त्यात अजून आहे. तुम्हाला हवी तर मंडळाला विचारून पाठवतो.

धंतोली_डेक
पाठव रे, नक्की पाठव. आणि हिंदी-मराठीचं कुणीच बोलत नाही?

टेपवाले_काका
हिंदी सिनेमात जुन्या काळी अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकत्र, तालमी करकरून. एक जण चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ठसठशीत चूक क्वचित सापडते. आमच्या मुलखात चूक गाण्यात कमी, रेकॉर्डच्या कागदावर जास्त. 'महल', १९४९, 'आयेगा आनेवाला'. पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या मधुबालाचं नाव. लोक रेडिओला पत्रं लिहून विचारायला लागले, ही गाते कोण. मग लता मंगेशकर हे नाव पुढे आलं.

आणि सुरुवात गौहरजानने करा. १९०२ ची कलकत्त्याची रेकॉर्डिंग. तीन मिनिटांचं गाणं संपतं आणि बाई खणखणीत इंग्रजीत आपलं नाव सांगते. कुणाला वाटेल कापायचं राहून गेलं. राहिलं नव्हतं. ती तबकडी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथल्या माणसांना कागदावर नाव घालायला कळावं म्हणून ते बोलायला लावत. तुमच्या विषयाला हे उलट टोक आहे, म्हणून पहिलं लावा.

धंतोली_डेक
बैठक झाली, हकीकत देतो.

क्रम असा लावला: गौहरजान, लुई लुई, रॉक्सॅन, झेपेलिन, एला, पोहे, मार्टी रॉबिन्स आणि सॅटिस्फॅक्शन जोडीने, गिमी शेल्टर, भजनी मंडळ, काइंड ऑफ ब्लू पेटीसकट, शेवटी कूलर बंद करून अ डे इन द लाइफ. चूक कुठे आहे ते आधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तर्री_कमी, तू पैज हरलास. लुई लुईतली चूक आत्याला सापडली नाही, एका अकरावीच्या पोराने पकडली. रॉक्सॅनचं हसू सगळ्यांना ऐकू आलं, पियानो कुणालाच नाही, परत लावावं लागलं. एलाला टाळ्या पडल्या.

झेपेलिनचं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "मशीनला तेल नाही का घातलं यांनी?" मला वाटलं माझ्या सीडी प्लेअरबद्दल बोलते. मग पायाने शिवणयंत्राची पट्टी दाबल्यासारखं करून दाखवलं, बरोब्बर ठोक्यावर. तिच्याकडे पायाचं मशीन चाळीस वर्षं होतं.

पेटीचा प्रयोग मात्र रंगला नाही. जुनी प्रत एका मित्राची एलपी होती आणि त्याच्या टर्नटेबलचा पट्टा सैल, त्यामुळे नेमकं काय चढं आहे आणि काय उतरलेलं, यावर दहा मिनिटं भांडण झालं. सूरपेटी सर, तुमची ती कॅसेट अजून असेल तर द्याल का?

खुर्ची ऐकू आली. पण तेवढ्यात खाली कुणीतरी ॲक्टिव्हाला किक मारली, म्हणून अर्ध्या लोकांचं म्हणणं आहे की ते तेच होतं. पुन्हा लावायचं म्हटलं तर सगळे ओरडले, आधी कूलर लावा.

सूरपेटी
कॅसेट आहे. इतवारीवाल्या कारागिरालाही घेऊन येऊ का?