शब्दचर्चा: सरकारने होस्टिंगवाल्यावर डोळे वटारले, तर त्याला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती

विकिलीक्स आणि ॲमेझॉन यांच्यात डिसेंबर 2010 मध्ये जे घडलं, त्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. चार दिवस एकाच शब्दापाशी अडले आहे. शब्द आहे ‘जॉबोनिंग’. ‘जॉबोन’ म्हणजे जबड्याचं हाड. बायबलमधल्या सॅमसनने गाढवाच्या जबड्याच्या हाडाने हजार माणसं मारली, त्या गोष्टीशी काही जण या शब्दाचा संबंध जोडतात. सत्तेतल्या माणसाने कायदा न वापरता नुसत्या बोलण्याने एखाद्याकडून काम करून घेणं, असा त्याचा आजचा अर्थ.

शब्द घटनेत बसायला हवा, म्हणून आधी घटना सांगते. 28 नोव्हेंबर 2010 ला विकिलीक्सने, म्हणजे गुप्त कागद उघड करणाऱ्या साइटने, अमेरिकी वकिलातींचा पत्रव्यवहार प्रसिद्ध करायला घेतला. कागद अडीच लाखांच्या घरात. साइट पाडण्यासाठी तिच्यावर खोट्या रहदारीचा मारा सुरू झाला, म्हणून त्यांनी ॲमेझॉनचे सर्व्हर भाड्याने घेतले. सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा समितीचे अध्यक्ष जो लीबरमन यांच्या कार्यालयाने ॲमेझॉनकडे विचारणा केली आणि 1 डिसेंबरला विकिलीक्स तिथून बाहेर पडली. कोर्टाचा हुकूम नव्हता. ॲमेझॉनने खुलासा केला की सरकारी विचारणेमुळे नव्हे, आमच्या अटी मोडल्या म्हणून काढलं: मजकुरावर ग्राहकाचा हक्क हवा आणि त्यातून कुणाला इजा पोचता कामा नये.

(हक्काच्या अटीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर तिथल्या कायद्याने कॉपीराइट नसतोच.)

‘दबाव आणणे’ मला पुरत नाही. दबाव सासूही आणते, बाजारही आणतो. मला हव्या आहेत तीन गोष्टी: बोलणारा सत्तेवर आहे, तो लेखी हुकूम काढत नाही, आणि ज्याचं तोंड बंद करायचं आहे त्याच्याशी तो एक शब्दही बोलत नाही.

शिवाय ‘होस्ट’ला, म्हणजे साइटला आपल्या सर्व्हरवर जागा देणाऱ्याला, ‘यजमान’ म्हणावं का, हेही सांगा.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण वीस वर्षं सर्व्हर सांभाळण्यातच गेली आहेत. ‘यजमान’ नको. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करवून घेणारा, दक्षिणा देणारा. पाहुण्याला तो स्वतःच्या खर्चाने जेवू घालतो. इथे दर महिन्याला पैसे कोण मोजतं? आपण मोजतो. मग यजमान कोण झालं? ‘यजमान’ म्हटलं की साइट काढून टाकणं हा नुसता पाहुणचाराचा शेवट वाटतो, आणि पाहुण्याने तक्रार कशाची करायची!

हे नातं घरमालक आणि भाडेकरूचं आहे. त्यातही भाडे नियंत्रण कायदा नसलेल्या घरमालकाचं. आम्ही चालवत असलेल्या एका छोट्या बातम्यांच्या साइटला एकदा होस्टिंग कंपनीचं पत्र आलं: ‘अटींचा भंग झाला आहे, 24 तासांत मजकूर हलवा.’ कोणती अट, कोणता मजकूर, तक्रार कुणाची, काहीच लिहिलेलं नव्हतं. बॅकअप होता म्हणून वाचलो. त्या रात्री ‘यजमान’ हा शब्द मनात आला नाही एवढं खरं.

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नासाठी ‘समज देणे’ सुचवते. बातम्यांत आपण वाचतोच, ‘पोलिसांनी समज देऊन सोडून दिलं.’ गुन्हा नोंदवलेला नसतो, पण समज मिळालेला माणूस ती विसरत नाही. किंवा ‘तंबी’. मूळ अरबी शब्द, आपल्या कचेऱ्यांत रुळलेला. ‘ताकीद’ मात्र नको. पेशवाईच्या कागदांत ताकीदपत्रं असत, म्हणजे ताकीद लेखी असू शकते आणि तिच्यात हुकूम असतो. तंबी तोंडी भागते.

प्रतिसाद

तंबी चांगली आहे, पण तिसरी अट ती पुरी करत नाही. तंबी ज्याची चूक त्यालाच देतात. इथे चूक भाडेकरूची धरली आणि तंबी घरमालकाला दिली.

मला ‘वाळीत टाकणे’ जवळचं वाटतं. वाळीत टाकतात तेव्हा गाव त्या माणसाच्या अंगाला हात लावत नाही. वाणी माल देत नाही, न्हावी दाढी करत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही. प्रत्येक जण आपापलं दार लावून घेतो आणि माणूस गावात असूनही गावाबाहेर पडतो. आता डिसेंबर 2010 चा तो आठवडा बघा. ॲमेझॉनने जागा काढली. एव्हरीडीएनएसने पत्ता काढला, म्हणजे साइटचं नाव टाइप केलं तरी ती सापडेना. त्यांनी कारण दिलं की हल्ल्यांमुळे इतर ग्राहकांना धोका आहे. मग पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा यांनी देणग्यांची वाट बंद केली. टॅब्लो कंपनीने तर त्या पत्रव्यवहाराची नुसती आलेखचित्रं उतरवली, आणि लीबरमन यांनी जाहीर आवाहन केलं म्हणून उतरवली असं स्वतःच सांगितलं. ॲमेझॉनने जे नाकारलं ते टॅब्लोने लपवलं नाही.

आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सर्व्हरच्या गावात तो नाही.

धागाकर्ती

वाळीत टाकण्याचं चित्र इतकं चपखल आहे की मोह होतो आहे. पण थांबते. वाळीत टाकणारी जात किंवा गाव असतं. तिथे वाण्यालाही पंचांचं पटलेलं असतं, नाहीतर तो पंचांना भीत तरी असतो. हा शब्द वापरला की सरकार दिसेनासं होतं आणि ‘कंपन्यांनी ठरवलं’ एवढंच उरतं. लीबरमन यांनीही ॲमेझॉनचा निर्णय इतर कंपन्यांनी कित्ता म्हणून गिरवावा असंच म्हटलं होतं. म्हणजे निर्णय कंपनीचा, आणि कौतुक करणारा सिनेटर!

अमेरिकी कोर्टाला हा डाव जुना आहे. ऱ्होड आयलंड राज्यात तरुणांच्या नीतिमत्तेसाठी एक आयोग होता. त्याला शिक्षा करायचा अधिकार नव्हता. तो पुस्तकांच्या वितरकांना सरकारी कागदावर पत्रं पाठवायचा की अमुक पुस्तकं आक्षेपार्ह आहेत, सहकार्याबद्दल आभार. काही दिवसांनी पोलीस दुकानात येऊन विचारायचा, त्या पुस्तकांचं काय केलंत? वितरक पुस्तकं परत पाठवून द्यायचे. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही सेन्सॉरशिपच आहे, मग तिला सल्ला म्हणा की आणखी काही. लेखक आणि प्रकाशकांना तर आयोगाने विचारलंही नव्हतं.

त्या पोलिसाच्या दुकानात येण्याला शब्द हवा आहे मला.

प्रतिसाद

‘परस्पर मुस्कटदाबी’.

प्रतिसाद

परस्पर म्हणजे एकमेकांची. ‘परस्पर सहकार्य’, ‘परस्पर संमती’. दोघं एकमेकांचं तोंड दाबताहेत असा अर्थ होईल.

प्रतिसाद (वरचा शब्द माझाच)

संस्कृतात तसाच होईल. पण घरातली मराठी ऐका. ‘भावाने जमीन परस्पर विकली.’ ‘पैसे परस्पर दुकानदाराला दिले.’ ‘परस्पर निकाल लावून मोकळा झाला.’ ज्याचा संबंध आहे त्याला वगळून, त्याला कळू न देता. तुमची तिसरी अट या एका शब्दात आहे, आणि तीसुद्धा फसवणुकीच्या खऱ्या कडवटपणासकट. भावाने परस्पर विकलेल्या जमिनीचं दुःख मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मुस्कट का, तर ‘गळचेपी’त श्वास कोंडतो, ‘मुस्कटदाबी’त बोलणं थांबतं. मुस्कट म्हणजे तोंड. मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात, तेही आठवा. इंग्रजी शब्दात बोलणाऱ्या सत्ताधाऱ्याचा जबडा आहे, मराठीत ज्याला बोलू देत नाहीत त्याचं तोंड आहे. मला आपली बाजू जास्त न्याय्य वाटते.

प्रतिसाद

एक शंका. प्रत्येक सरकारी फोन म्हणजे मुस्कटदाबी नव्हे. खोटी माहिती फिरते आहे असं कळवणं हेही सरकारचं काम आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे 2024 चे दोन निकाल बघा. न्यूयॉर्कच्या विमा नियामकाने विमा कंपन्यांना बंदूकधारकांच्या संघटनेपासून दूर राहायला लावलं, या आरोपावर खटला चालू शकतो असं नऊच्या नऊ न्यायाधीश म्हणाले. समाजमाध्यमांवरच्या सरकारी दबावाचा दुसरा खटला मात्र दाद मागणाऱ्यांना तो अधिकारच नाही म्हणून निकालात निघाला. समजावणं कुठे संपतं आणि धमकावणं कुठे सुरू होतं, यावर तिथेही भांडण आहे.

धागाकर्ती

शंका मान्य आहे. म्हणून दोन पायऱ्या ठेवते. सरकारने नुसतं कळवलं तर ‘विचारणा’. सत्ता हातात ठेवून विचारलं आणि तिसऱ्याचं तोंड बंद झालं, तर ‘परस्पर मुस्कटदाबी’. लीबरमन यांच्या समितीचं वजन बघता मी दुसराच शब्द वापरणार. ‘होस्ट’ला ‘सर्व्हरमालक’, आणि ‘यजमान’ कायमचा रजेवर.

लेखाच्या पुढच्या परिच्छेदात शब्द वापरून पाहिला. विकिलीक्स नंतर फ्रान्समधल्या ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरवर गेली. मंत्री एरिक बेसाँ यांनी तिला फ्रान्समधून हलवण्याचे मार्ग शोधायला सांगितले. ओव्हीएचने साइट काढली नाही, कंपनी स्वतः कोर्टात गेली आणि विचारलं की ही साइट ठेवणं बेकायदा आहे का. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय असा हुकूम देता येणार नाही, असं उत्तर मिळालं. माझं वाक्य: ‘बेसाँ यांचा परस्पर मुस्कटदाबीचा प्रयत्न ओव्हीएचने कोर्टाच्या दारात नेऊन उघडा केला.’

‘परस्पर’ आणि ‘उघडा’ एका वाक्यात छान भांडतात. आता क्रियापद सांगा: ‘परस्पर मुस्कटदाबी केली’ की ‘परस्पर मुस्कट दाबलं’? मला दुसरं जास्त बोलीतलं वाटतं.